मोजे आधी की बूट आधी? क्रम बदलला की सूर कसे बदलतात, ते सांगणारं गणित

हातातला मोबाईल उभा धरा, स्क्रीन तुमच्याकडे. आता दोन हालचाली ठरवू. पहिली: मोबाईल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा फिरवायचा, म्हणजे व्हिडिओ बघताना आडवा करतो तसा. दुसरी: वरची कड तुमच्यापासून लांब अशी पाव फेरा मागे पाडायची. आधी पहिली आणि मग दुसरी केलीत तर स्क्रीन छताकडे तोंड करून येते. परत सुरुवातीला या आणि क्रम उलटा करा. आधी मागे पाडा, मग तुमच्या समोरून दिसणाऱ्या घड्याळाच्या दिशेने फिरवा. या वेळी स्क्रीन उजवीकडे बघत असते. हालचाली त्याच, मोबाईल तोच, पण शेवट वेगळा.

शाळेत आपण शिकलो की बेरीज आणि गुणाकार क्रमनिरपेक्ष असतात. तीन अधिक पाच काय, पाच अधिक तीन काय. पण मोजे आणि बूट क्रमनिरपेक्ष नाहीत, आणि मोबाईलची फिरवाफिरवीही नाही. ज्या हालचाली एकापाठोपाठ एक करता येतात आणि प्रत्येक हालचाल उलट करून पूर्वस्थितीला येता येतं, अशा हालचालींच्या पूर्ण संचाला गणितात ग्रुप म्हणतात. (व्हॉट्सअ‍ॅपशी संबंध नाही. तिथून तर बाहेर पडणंही अवघड.) ज्या ग्रुपमध्ये क्रम महत्त्वाचा असतो, तो क्रमसापेक्ष ग्रुप.

या लेखात बघायचंय ते असं: अशा ग्रुपवर एखादी लहर उठली, तर तिचे सूर कोणते? आणि ते सूर ऐकून क्रमाची भानगड किती आहे, हे ओळखता येतं का? उत्तर आहे, येतं. एवढंच नाही, तर काही समीकरणांना उत्तर का नसतं, हे कोडंही त्या सुरांमुळेच उलगडलं.

सूर म्हणजे आकडे

आधी साधी तार घ्या. सतारीची तार दोन टोकांना बांधलेली असते. ती पूर्ण एका फुगवट्यात हलते, दोन फुगवट्यांत हलते, तीन फुगवट्यांत हलते. या आकारांची खासियत अशी, की त्यांचं दोनदा अवकलन केलं तर आकार तोच राहतो, फक्त एका आकड्याने गुणला जातो. योग्य एककं घेतली (आणि ऋण चिन्ह बाजूला ठेवलं) तर ते आकडे १, ४, ९, १६ असे वर्ग येतात, आणि कानाला ऐकू येणारी कंपनसंख्या त्यांच्या वर्गमुळाप्रमाणे १, २, ३, ४ पटीत.

'दोनदा अवकलन करा' ही जी कृती आहे, तिला म्हणायचं ऑपरेटर. एक फलन आत टाकलं की दुसरं फलन बाहेर काढणारं यंत्र. अवकलन वापरून बनलेला तो डिफरेन्शियल ऑपरेटर. आणि हे यंत्र ज्या आकड्यांनी आपले खास आकार गुणतं, त्या आकड्यांची यादी म्हणजे त्याचा वर्णपट. इंद्रधनुष्यात प्रकाश रंगांत सुटा होतो, तसा ऑपरेटर आकड्यांत सुटा होतो.

तारेचे सूर पूर्णांकांच्या पटीत येतात म्हणून ते गोड लागतात. साध्या ताणलेल्या कातड्याचे तसे येत नाहीत. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवलं होतं की आपल्या मृदंग-तबल्यावर मधोमध जी शाई लावतात, त्या वजनामुळे कातड्याचे वरचे सूरही पूर्णांक पटीत येऊन बसतात. कारागिरांनी वर्णपट हा शब्द न ऐकताच तो दुरुस्त केला होता.

अकरावीच्या रसायनशास्त्रात लपलेला ग्रुप

तारेवर सरकण्याच्या हालचाली क्रमनिरपेक्ष असतात. दोन सेंटीमीटर आणि मग तीन, किंवा उलट, एकाच जागी पोचता. अशा ग्रुपवर कोणत्याही लहरीचे तुकडे करता येतात आणि प्रत्येक तुकडा सुटा, एकटा वागतो. फूरिये यांनी १८२२ च्या उष्णतेवरच्या ग्रंथात हेच तंत्र वापरलं होतं.

क्रमसापेक्ष ग्रुपमध्ये हे तुकडे इतके बारीक होतच नाहीत. काही लहरी जोडीने, तिघांनी, पाच जणांनी एकत्रच राहतात. ग्रुपची हालचाल झाली की ते एकमेकांत मिसळतात, म्हणून त्यांना सुटं करता येत नाही, आणि सगळ्यांचा सूर एकच असतो.

मोबाईल फिरवण्याचा जो ग्रुप आहे, त्याचं हे चित्र अकरावी सायन्सला बसलेल्या प्रत्येकाने पाठ केलेलं आहे. एस कक्षक एक, पी तीन, डी पाच, एफ सात. १, ३, ५, ७ हे आकडे अणूतून आलेले नाहीत, ते फिरवण्याच्या ग्रुपमधून आलेले आहेत. अणू कोणत्याही बाजूने सारखाच दिसतो, म्हणून त्याच्या लहरींना फिरवण्याच्या ग्रुपचे नियम पाळावे लागतात. आणि त्या ग्रुपच्या नैसर्गिक ऑपरेटरचा वर्णपट आहे ०, २, ६, १२, २०... म्हणजे लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार. ० गुणिले १, १ गुणिले २, २ गुणिले ३.

हे आकडे आकाशात मोजले जातात. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू फिरता फिरता एक पायरी खाली उतरला की रेडिओ लहर सोडतो. ०, २, ६, १२ यांच्यातले फरक २, ४, ६, म्हणजे १:२:३ या प्रमाणात. प्रत्यक्षात त्या लहरी सुमारे ११५, २३०, ३४५ गिगाहर्ट्झवर सापडतात आणि खगोलशास्त्रज्ञ त्यांच्यावरून दूरच्या दीर्घिकांमधल्या थंड वायूचा माग काढतात.

पण फिरवण्याचा ग्रुप हा तसा सज्जन. फिरून फिरून तो परत जागेवर येतो, म्हणून त्याचे सूर सुटे-सुटे असतात. खरी मजा आहे ती पुढच्या ग्रुपमध्ये.

खिशात काउंटर घेऊन चालणारा माणूस

एक मोठं मैदान आहे. एक माणूस त्यावर पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण चालू शकतो. त्याच्या खिशात एक काउंटर आहे. मैदानाच्या मधल्या खुंटीपासून त्या माणसापर्यंत एक दोरी ताणलेली आहे असं समजा. माणूस चालताना दोरी जेवढी जागा झाडून काढते, तेवढं क्षेत्रफळ काउंटरवर चढतं. घड्याळाच्या उलट दिशेने झाडली तर अधिक, घड्याळाच्या दिशेने झाडली तर उणे.

माणूस खुंटीपासून निघाला. एक पाऊल पूर्वेला, मग एक पाऊल उत्तरेला. काउंटरवर आलं अधिक अर्धा. आता उलट क्रम: आधी उत्तर, मग पूर्व. मैदानावरचा ठिपका तोच, पण काउंटरवर उणे अर्धा. फरक बरोबर १, म्हणजे त्या दोन वाटांनी घेरलेल्या चौकोनाचं क्षेत्रफळ. क्रम बदलल्याची किंमत काउंटरवर छापून येते. नकाशावरच्या आकृतीची कड गिरवून क्षेत्रफळ सांगणारं प्लॅनिमीटर नावाचं यंत्र याच कल्पनेवर चालतं.

ठिकाणाचे दोन आकडे आणि काउंटरचा एक, अशा तीन आकड्यांचा हा ग्रुप. त्याचं नाव हायजेनबर्ग ग्रुप.

आता नीट बघा. माणसाला फक्त दोन दिशा मिळालेल्या आहेत. काउंटर थेट फिरवायला बटण नाही. तरीही पूर्व, उत्तर, पश्चिम, दक्षिण असा चौकोन चालून तो जागेवर परत आला की काउंटर हललेला असतो. म्हणजे न दिलेली तिसरी दिशा दोन दिशांच्या भांडणातून मिळते. गाडी दोन गाड्यांच्या मधे लावताना आपण हेच करतो. गाडी आडवी सरकत नाही. पण स्टिअरिंग वळवा, मागे घ्या, उलट वळवा, पुढे घ्या, असं केलं की ती हळूहळू फुटपाथला चिकटते. या कामाला इतकी खटपट का लागते, त्याचंही उत्तर इथे आहे. चौकोनाची बाजू एक दशांश केली की क्षेत्रफळ एक शतांश होतं, त्यामुळे लहान हालचालींतून तिसऱ्या दिशेला फारच थोडं पदरात पडतं.

स्वीडनचे लार्श हॉर्मांडर यांनी १९६७ साली याचं सामान्य रूप सिद्ध केलं. दिलेल्या दिशा आणि त्यांच्या क्रमबदलातून निघालेल्या दिशा मिळून सगळी जागा व्यापत असतील, तर फक्त दिलेल्या दिशांपासून बनवलेला ऑपरेटरही चांगला वागतो. म्हणजे समीकरणाची एक बाजू गुळगुळीत असेल तर उत्तरही गुळगुळीतच येतं. त्या ऑपरेटरमध्ये एक दिशा गायब असते, तरी ती उणीव ग्रुप भरून काढतो.

पंखा

हायजेनबर्ग ग्रुपवरचा मुख्य ऑपरेटर म्हणजे पूर्व दिशेने दोनदा अवकलन अधिक उत्तर दिशेने दोनदा अवकलन, आणि सगळ्याला ऋण चिन्ह. त्याला उप-लाप्लासियन म्हणतात, कारण पूर्ण लाप्लासियनमधली एक दिशा त्यात नाही. याचा एकट्याचा वर्णपट बघितला तर निराशा होते. शून्यापासून अनंतापर्यंत सलग पट्टा, त्यात काही खूण नाही. पण त्याच्यासोबत काउंटरच्या दिशेची लहरसंख्याही बघितली की चित्र पालटतं.

कागदावर आडव्या रेषेवर काउंटरची लहरसंख्या मांडा, उभ्या रेषेवर उप-लाप्लासियनचा आकडा. क्रमाची भानगड नसती तर वरचा अख्खा अर्धा कागद रंगून गेला असता, कारण कुठलीही जोडी चालली असती. हायजेनबर्ग ग्रुपवर मात्र फक्त काही किरण रंगतात. सगळे मूळ बिंदूतून निघतात, डावीकडे आणि उजवीकडे, आणि त्यांचे चढ असतात १, ३, ५, ७, ९... फक्त विषम संख्या. शिवाय मधोमध एक सरळ उभा किरण, जिथे काउंटरची लहरसंख्या शून्य असते. गणिती याला हायजेनबर्गचा पंखा म्हणतात. छताला लटकणारा नव्हे, घडीचा, हातात धरायचा.

क्रमसापेक्षतेने काय केलं, ते या एका चित्रात दिसतं. भरलेला कागद फाडून त्याच्या काड्या उरवल्या. आणि पहिल्या काडीच्या खाली, चढ १ पेक्षा कमी असलेल्या भागात, काहीच नाही. ती रिकामी जागा म्हणजेच हायजेनबर्गचा अनिश्चिततेचा नियम, भूमितीच्या भाषेत.

(१, ३, ५, ७ हे आकडे कक्षकांच्या वेळीही आले होते. पण गोंधळ नको. तिथे ते एका सुरावर किती लहरी बसतात याची मोजदाद होती. इथे ते सूरच आहेत.)

हा पंखा प्रयोगशाळेत बघता येतो. एका पातळ थरात इलेक्ट्रॉन ठेवून त्यावर आडवं-उभं नाही, तर थराला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावलं, की क्षेत्राची तीव्रता काउंटरच्या लहरसंख्येची जागा घेते. इलेक्ट्रॉनची ऊर्जा मग कितीही असू शकत नाही. ती १, ३, ५, ७ या प्रमाणातल्या पायऱ्यांवरच बसते. लेव्ह लँडाऊ यांनी १९३० मध्ये हे काढलं म्हणून त्यांना लँडाऊ पातळ्या म्हणतात. पुढे १९८० साली क्लाउस फॉन क्लित्झिंग यांनी याच पातळ्यांच्या आधाराने घडणारा क्वांटम हॉल परिणाम शोधला, आणि १९८५ चं नोबेल मिळवलं. त्यातून मिळणारा सुमारे २५८१२.८०७ ओहम हा आकडा आज जगभर विद्युत रोधाचं माप तपासायला वापरतात.

उत्तर नसलेलं समीकरण

आता त्या कोड्याकडे येऊ. १९५० च्या दशकात गणितज्ञ खुशीत होते. लिऑन एहरेनप्राइस आणि बर्नार मालग्रांज यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलं होतं, की सहगुणक स्थिर असलेल्या कोणत्याही रेषीय डिफरेन्शियल समीकरणाला उत्तर असतंच. मग सहगुणक जरासे बदलते असले तरी निदान एका छोट्या भागात उत्तर असणारच, असं सगळ्यांना वाटत होतं.

१९५७ साली हांस लेवी यांचा अवघ्या चार पानांचा लेख आला. त्यांनी एक साधं, पहिल्या घाताचं समीकरण दिलं. सहगुणक सरळ रेषेसारखे, उजव्या बाजूला पूर्णपणे गुळगुळीत फलन. आणि उत्तर कुठेच नाही. कितीही छोटा तुकडा घ्या, तरी नाही.

लेवी हा माणूसही सरळ रेषेत न चाललेला. १९०४ चा जन्म, ब्रेस्लाऊचा. १९३३ ला हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडली, पुढे कॅलिफोर्नियात बर्कलीला प्राध्यापक झाले. तिथे १९५० मध्ये प्राध्यापकांनी निष्ठेच्या शपथेवर सही करावी असा फतवा निघाला. लेवींनी सही केली नाही आणि नोकरी गेली. कोर्टाने ती शपथ रद्द ठरवल्यावर ते परत आले.

त्यांचं समीकरण हवेतून आलेलं नव्हतं. ते हायजेनबर्ग ग्रुपवरचंच समीकरण आहे. पूर्व दिशेचं अवकलन आणि उत्तर दिशेचं अवकलन, वर्गमूळ उणे एकने जोडलेलं. पण ते सुटत का नाही, याचं स्वच्छ चित्र मिळायला १९७४ उजाडावं लागलं. जेराल्ड फोलंड आणि इलायस स्टाइन यांनी उप-लाप्लासियनमध्ये काउंटरच्या दिशेचं अवकलन थोडं मिसळलं. किती मिसळायचं ते एका आकड्याने ठरतं, त्याला अल्फा म्हणू. निकाल असा: अल्फा कोणताही असो, समीकरण सुटतं. फक्त अल्फा १, ३, ५, ७... किंवा उणे १, उणे ३, उणे ५... असेल तेव्हा नाही.

पंखा डोळ्यासमोर असेल तर कारण शाळकरी आहे. ज्या काडीचा चढ ३ आहे, तिच्यावर हा मिसळलेला ऑपरेटर लहरीला '३ उणे अल्फा' या प्रमाणात गुणतो. (ही पंख्याची एक बाजू. दुसऱ्या बाजूला '३ अधिक अल्फा'.) अल्फा ३ असला की गुणक शून्य. शून्याला कशानेही गुणून पाच आणून दाखवा म्हटलं तर कोण आणणार? उजव्या बाजूच्या फलनात त्या काडीवरचा थोडा जरी अंश असेल, तरी तो कोणत्याही उत्तरातून निघू शकत नाही. अल्फा २ असता तर प्रश्न नव्हता. २.९९९ असता तरी नव्हता. नेमकी काडी लागली की संपलं.

आणि लेवींचा ऑपरेटर? तो त्याच्या जोडीदाराशी गुणला की नेमका अल्फा बरोबर १ वाला ऑपरेटर मिळतो. म्हणजे त्यांचं समीकरण पंख्याच्या अगदी पहिल्या काडीवर आपटलेलं होतं. लँडाऊंची सर्वांत खालची पातळी आणि लेवींचं न सुटणारं समीकरण, ही एकाच काडीची दोन नावं. मला या विषयात याहून सुंदर काही माहीत नाही.

तिसरी दिशा दुप्पट मोजायची

या ग्रुपची आणखी एक खोडी सुरांच्या संख्येत दिसते. साध्या तीन मितींच्या पेटीत हवा कोंडली आणि लाप्लासियनचे आकडे मोजले, तर वरची मर्यादा दुप्पट केल्यावर त्याखालचे आकडे सुमारे २.८३ पट होतात, म्हणजे दोनाचा दीड घात. हायजेनबर्ग ग्रुप ठरावीक अंतराने स्वतःवरच दुमडून मर्यादित केला आणि उप-लाप्लासियनचे आकडे मोजले, तर मर्यादा दुप्पट केल्यावर ते सुमारे ४ पट होतात. हा वेग चार मितींच्या पेटीचा आहे. जागेचे आकडे तीनच आहेत, पण क्षेत्रफळाच्या काउंटरला लांबीचा वर्ग लागतो म्हणून त्याची मिती दोन धरावी लागते. एक, एक आणि दोन, मिळून चार. डोळ्यांना दिसणारी मिती तीन, कानाला ऐकू येणारी चार.

नावांविषयी थोडं

ग्रुपला हायजेनबर्ग यांचं नाव आहे, पण तो ग्रुप म्हणून मांडला हर्मान वाइल यांनी, १९२० च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी १९२५ मध्ये हायजेनबर्ग यांच्या आकडेमोडीत गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे दिसलं होतं, आणि त्याचं नेमकं सूत्र मॅक्स बॉर्न यांनी लिहिलं. गॉटिंगेनमध्ये बॉर्न यांच्या थडग्यावर तेच सूत्र कोरलेलं आहे.

आपल्याकडची दोन नावं इथे हवीतच. कानपूरला १९२३ साली जन्मलेले हरिश्चंद्र आधी बंगळुरूला होमी भाभांसोबत भौतिकशास्त्र करत होते, मग केंब्रिजला डिरॅक यांचे विद्यार्थी झाले आणि तिथून पूर्ण गणितात गेले. क्रमसापेक्ष ग्रुपच्या एका फार मोठ्या कुळात लहरींचे तुकडे नेमके कसे करायचे, त्याचं सूत्र त्यांनी उभं केलं. आणि हायजेनबर्ग ग्रुपवर ज्यांची पुस्तकं जगभर वापरली जातात, ते सुंदरम तंगवेलू बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले.

पंखा इतका नीटनेटका आहे, त्यामुळे सगळेच क्रमसापेक्ष ग्रुप असे वागत असतील असं वाटू शकतं. तर एकच पाऊल पुढे टाकू. मैदानावरच्या माणसाच्या खिशात दुसरा काउंटर द्या. पहिला क्षेत्रफळ मोजतो, दुसरा ते क्षेत्रफळ पूर्वेला किती लांब आहे तेही हिशेबात धरतो. या चार आकड्यांच्या ग्रुपला एंगेल ग्रुप म्हणतात. ऑपरेटर त्याच पद्धतीने बनतो, लिहायला एका ओळीचा. पण इथे विषम संख्या नाहीत, काड्या नाहीत, आणि त्याच्या सुरांचं कोणतंही सोपं सूत्र सापडलेलं नाही. ते आकडे संगणकावर, हवे तितक्या दशांश स्थळांपर्यंत, एकेक करून काढावे लागतात.